कोरी पाठ

बावीस वर्षांत तिच्या पाठीवर एकही पुरळ उठलं नव्हतं, आणि ह्या गोष्टीचा तिला इतका गर्व होता की पोटच्या पोराने परीक्षेत पहिला नंबर काढला तरी आया एवढ्या फुगत नाहीत. चाचणीघरातले लोक तिला 'कोरी' म्हणत. आधी चेष्टेने म्हणत, मग सवयीने, आणि शेवटी नोंदवहीतही तेच पडलं. खरं नाव विचारलं तर तिला स्वतःलाच क्षणभर थांबावं लागे.

चाचणीघर म्हणजे टायरच्या गोदामावरचा दुसरा मजला. जिन्यात रबराचा वास, वर गेलं की स्पिरिटचा. लांबलचक खोलीत बारा खाटा, प्रत्येक खाटेला तोंड खुपसायला एक गोल भोक. तोंडाला लावायची क्रीमं, ओठांची मेणं, टाचांची मलमं दुकानात जायच्या आधी इथे येत आणि माणसांच्या पाठीवर लावून बघितली जात. चिकटपट्टीवर बोटाच्या पेराएवढ्या चौकोनी वाट्या, प्रत्येक वाटीत एकेक माल. सोमवारी लावायच्या, बुधवारी काढून नव्या लावायच्या, मग शुक्रवारी. असे तीन आठवडे, त्याच जागेवर. मग दोन आठवडे पाठीला सुट्टी. आणि शेवटी एकदा नव्या जागी तोच माल लावून बघायचं, की कातडीने मनात राग धरलाय का. पट्टी काढल्यावर एकदा वाचायचं आणि दोन दिवसांनी पुन्हा एकदा, कारण कातडीचा राग उशिरा वर येतो.

हे वाचायचं काम एका बाईकडे होतं. ती पाठ दिव्याखाली तिरकी धरायची, डोळे मिटून बोटाचं टोक फिरवायची आणि सांगायची, 'शून्य' किंवा 'एक फुली' किंवा 'दोन फुल्या'. सगळे तिला वाचणारी म्हणत. कोरीच्या पाठीवर तिने कधी शून्याशिवाय काही वाचलं नव्हतं.

आता पाठीचं पथ्य म्हणजे काही खायचं काम नाही. पाठ भिजवायची नाही, घामेजू द्यायची नाही, उन्हात न्यायची नाही, उताणं झोपायचं नाही आणि काही झालं तरी खाजवायचं नाही. कोरी नवरा गेल्यावर ह्या कामाला लागली, तेव्हा तिची लेक पाच वर्षांची होती. पोर शाळेतून धावत यायची आणि आईच्या पाठीवर झेप घ्यायची. एकदा पट्टी सुटली. कोरीने पोरीला अशी एक ठेवून दिली की पोर भिंतीवर आपटली. "पाठीला हात लावायचा नाही," कोरी म्हणाली. "पाठीवर आपलं पोट आहे." पुढे पोर समोरून बिलगायची. मग तेही कमी झालं, आणि कोरीला वाटलं, बरं झालं, पोरीला वळण लागलं.

देवाला थट्टा करायची हौस असावी, कारण अशा बाईच्या पोटी त्याने घातलेली पोर नखशिखांत खाजरी होती. कोपराच्या खोबणीत, गुडघ्याच्या मागे, मानेवर कातडी लाल होऊन चिरायची. साबण बदलला की चिरायची, लोकरीचं काही घातलं की चिरायची. कोरीच्या दृष्टीने हा रोग नव्हता, हा उर्मटपणा होता. चाचणीघरात रोज ती ऐकत होती की आपल्यासारखी कातडी लाखात एक, आणि घरी तिचंच रक्तमांस खराखरा नखं ओढत बसलेलं.

"काही नाही. कोरी आहे तुझी कातडी. भास आहे तुझा," ती म्हणायची. "नाटकं करतेस."

शाळेच्या सुट्टीत खाजवायला लागली की कामावर निघताना ती पोरीच्या दोन्ही हातांत सुती मोजे चढवायची आणि मनगटाशी नाडीने गाठ मारायची. "खाजवू नकोस, डाग राहतात." संध्याकाळी चार वाजता कामावरून आली की समोर बसून विचारायची, "खाजतंय?" पोर "हो" म्हणाली तर मोजे तसेच. "नाही" म्हणाली तर गाठ सुटायची. पोर हुशार होती. सातव्या वर्षापासून ती "नाही" म्हणायला शिकली आणि कोरी शेजारणीला सांगू लागली की आपल्या उपायाने मुलीची खाज गेली.

शाळेच्या डॉक्टरने एकदा मलमाची ट्यूब दिली होती, ती कोरीने कचऱ्यात टाकली. त्याऐवजी चाचणीघरातल्या उरलेल्या बरण्या आणायची. "माझ्या पाठीवर पास झालंय हे. तुला कसं चावेल?" चावायचं. पोर दात आवळून सोसायची. बाविसाव्या वर्षी तिने चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली, पलीकडच्या वस्तीत खोली घेतली आणि आईकडे सहा-सहा महिने फिरकेनाशी झाली. पूर्ण बाह्यांचे कपडे घालून ती दिवसभर लोकांना विचारत असे, हे अक्षर दिसतंय का, आणि आता?

चाचणीघरातही कोरीचा दरारा होता. नवी बाई आली की साहेब तिला कोरीच्या शेजारच्या खाटेवर टाकत. एकदा एक शिवणवाली आली होती, किरकोळ, भित्री. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "मला चुरचुरतंय." वाचणारीने दिवा तिरका केला, फुली वाचली. तेवढ्यात शेजारच्या भोकातून कोरीचा आवाज आला, "साहेब, हिने नखं लावलीत. मी जिन्यात पाहिलं." तिने काहीही पाहिलं नव्हतं. पण कोरीचा शब्द म्हणजे पाठीचा शब्द. शिवणवालीची फुली खोडली गेली, मागोमाग शिवणवालीही, आणि ते क्रीम पास झालं. शिवणवाली जिन्यात रडली. कोरीने तिला जाताजाता ऐकवलं, "बाई, नाजूक असशील तर घरी बस."

हीच तिथली रीत होती आणि तीच तिथली चूक, फक्त ती चूक कोणाला दिसत नव्हती. ज्याच्या पाठीवर उठलं त्याला काढायचं, ज्याच्यावर उठत नाही त्याला ठेवायचं. बावीस वर्षं हे चाळणं चाललं. खडे वेचून फेकले की उरलेले दाणे स्वच्छ दिसणारच. साहेब पाहुण्यांना छाती काढून सांगत, "आमच्याकडे सहसा कोणाला काही होत नाही." अहो, होणाऱ्यांना तुम्ही जिन्यावरून खाली पाठवलंत, मग होणार कोणाला?

असो. तर एका वर्षी फुलांचं मेण आलं.

वनस्पतींची मेणं कोरीने पुष्कळ पाहिली होती. तांदळाच्या कोंड्याचं, सूर्यफुलाच्या बियांचं, पानांवरून खरवडून काढलेलं. ही मेणं तशी गरीब जात. कातडीवर पातळ थर धरतात, आतलं पाणी उडू देत नाहीत, कोरडी कातडी मऊ राहते. पण हे नवं मेण अत्तरवाल्यांकडून आलं होतं. फुलांतलं अत्तर काढून घेतल्यावर तळाशी जे मेण उरतं, ते. बरणी उघडली की खोलीभर वास. साहेब खूश होते. बरणीवर छापायचा मजकूरही ठरला होता, 'शंभर टक्के फुलांचं, नाजूक कातडीसाठी'. हे सगळं चाचणी संपायच्या आधी.

तीन आठवडे गेले, शून्य. सुट्टीचे दोन आठवडे गेले. शेवटची पट्टी सोमवारी लागली, बुधवारी निघाली. वाचणारीने बोट फिरवलं. "शून्य."

त्याच बुधवारी साहेबांनी फोटोवाल्याला बोलावलं होतं. बरणीच्या जाहिरातीवर कोरीची पाठ येणार होती. चेहरा नाही, नाव नाही, फक्त पाठ. तिला खिडकीजवळ बसवलं, केस वर बांधले. फोटोवाला म्हणाला, "ह्या वयात अशी कातडी!" कोरी छप्पन्न वर्षांची होती. त्या रात्री आनंदाने तिला जेवणच गेलं नाही. बावीस वर्षं जी पाठ नुसती वापरली गेली तिला आज कोणीतरी पाहिलं होतं. शुक्रवारी दुसरं वाचन, आणि तेही मेणाच्या कंपनीच्या पाहुण्यांसमोर. साहेबांना त्यांना ही पाठ दाखवायची होती.

गुरुवारी सकाळी तिला खाज सुटली.

आधी तिला कळेचना की हे काय आहे. मग कळलं, आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. उजव्या खांद्याखाली, शेवटच्या पट्टीच्या जागी, आतून कोणी सुई फिरवावी तसं. तिने हात छातीशी घट्ट बांधून घेतले. भांडी घासली, कपाट आवरलं, मोठ्याने स्वतःशी बोलली. दुपारपर्यंत ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होती आणि घासत नव्हती, फक्त टेकली होती, असं स्वतःला सांगत होती.

हातच्या कांकणाला आरसा लागत नाही म्हणतात. पाठीला मात्र दोन लागतात, आणि कोरीच्या घरात एकच होता, तोही वाटीएवढा. खांदा वळवून वळवून तिची मान धरली, पण ती जागा काही दिसेना. एकदा फुली पडली की नाव कायमचं खोडायचं, हा नियम तिला पाठ होता. तिनेच कितीजणींना तो ऐकवला होता. कातडी लाल आहे की नाही एवढं कळायला हवं होतं. लाल असली तर लेकीकडे तसली डॉक्टरची ट्यूब नक्की असेल, रात्रभर लावली की उद्यापर्यंत उतरेल, वाचणारीच्या बोटाला काही लागणार नाही. बावीस वर्षं इमानाने काढलेल्या बाईने पाच मिनिटांत हा कावा रचला.

तिने लेकीला फोन केला. "संध्याकाळी ये. आणि तुझी ती ट्यूब घेऊन ये."

"कोणती?"

"खाजेची."

मग लेक म्हणाली, "येते."

लेक दुकान सुटल्यावर आली. चप्पल दारात काढली, खिडकीजवळ गेली आणि म्हणाली, "उजेडाकडे पाठ कर." कोरीने पदर सारला, ब्लाउज खांद्यावरून उतरवलं. पाच वर्षांची होती तेव्हापासून लेकीने ही पाठ जवळून पाहिली नव्हती. ती पाहत राहिली. तिला दिसलं ते असं: मापाने आखावा तसा एक लाल चौकोन, कडा उचललेल्या, आत मोहरीएवढे पाण्याचे फोड. दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या बाईला हे दिसायला भिंग लागत नव्हतं.

"काय आहे?" कोरीने विचारलं.

"काही नाही," लेक म्हणाली.

"नीट बघ. उजवीकडे, खाली."

"बघितलं. कोरी आहे. भास आहे तुझा."

कोरीने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की लेकीला तो मागूनही ऐकू आला. आणि हे शब्द कोणाचे, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही. वापरलेले शब्द कुठे लक्षात राहतात? ते ज्याला बसतात त्याच्या लक्षात राहतात.

"तरी ट्यूब लावतेस का जरा?"

"काही नसताना औषध कशाला?" लेकीने पिशवीची चेन लावली. ट्यूब आतच होती. "खाजवू नकोस फक्त. डाग राहतात." आणि ती चहाही न घेता गेली. जिना उतरताना ती एकदा अर्ध्यावर थांबली, पण परत वर आली नाही.

शुक्रवारी कोरी इस्त्रीची साडी नेसून गेली. रात्रभर तिने खाज भोगली होती आणि प्रत्येक वेळी स्वतःला दटावलं होतं, भास आहे. तिच्या बाराव्या खाटेजवळ साहेब आणि तीन पाहुणे उभे होते. ती भोकात तोंड घालून पालथी झोपली. पाठीवरून कापड सरकलं.

एका पाहुण्याने वळून साहेबांकडे पाहिलं.

वाचणारीने दिवा तिरका केला, जो करायची गरज नव्हती. बोट टेकवलं आणि उचललं. "कोरीताई," ती हळू म्हणाली, "कधीपासून खाजतंय?"

"खाजत नाही," भोकातून आवाज आला.

"दोन फुल्या," वाचणारी म्हणाली. "फोड आहेत."

पाहुण्यांपैकी एकाने नाकाला रुमाल लावला, जसं काही ते उडून लागणार होतं. साहेबांनी त्यांना हसत-हसत बाहेर चहाला धाडलं आणि दार लावून घेतलं. मग त्यांचा आवाज बदलला. "घरी काय चोळलंत?"

"काही नाही, साहेब."

"साबण बदललात. नाहीतर नखं लावलीत. कबूल करा ना, आमचा वेळ का घेता?"

"देवाशप्पथ नाही. माझ्या लेकीने काल बघितलंय. काही नव्हतं."

वाचणारी खाली वाकली, जणू भोकातल्या तोंडाशी बोलायला. "ताई, हे आज उठलेलं नाही. काल संध्याकाळी हे आंधळ्यालाही बोटाने कळलं असतं."

कोरी पालथीच पडून राहिली. खाली फरशीवर स्पिरिटचा एक थेंब वाळत होता, तो तिने पूर्ण वाळेपर्यंत पाहिला. लेकीने पाहिलं होतं. पाहून 'काही नाही' म्हणाली होती. आता ते शब्द तिला एकेक करून ओळखू आले, आणि पाठीपेक्षा ते जास्त जळले.

वाचणारीने साहेबांना सांगायचा प्रयत्न केला, की मेण बिचारं निरुपद्रवी असतं, पण ह्या मेणात अत्तराचा अंश राहिलाय, तो शिळा झाला की कातडीला चावतो. आणि ज्या पाठीला बावीस वर्षं काही चावलं नाही तिला हे चावलं, तर चिरलेल्या कातडीची माणसं हे लावतील तेव्हा काय होईल? साहेबांनी ऐकून घेतलं. मग वहीत कोरीच्या नावापुढे लिहायला सांगितलं, 'घरगुती कारणाने गैरहजर'. उरलेल्या पाठी स्वच्छ होत्या, मेण पास झालं. वाचणारीने सांगितलं तसं लिहिलं. तिलाही घरी खाणारी तोंडं होती.

"आता विश्रांती घ्या, बाई," साहेब कोरीला म्हणाले. "नाजूक झालात."

जिन्यात रबराचा वास होता. शिवणवाली ज्या पायरीवर बसली होती त्या पायरीवर कोरी बसली नाही, ती भराभरा खाली उतरली. तिला कोणाची आठवण यायला नको होती.

पाठ तीन आठवड्यांनी वाळली, पण कातडीने एकदा राग धरला की ती माणसासारखीच होते, सगळ्यांवर काढते. अंगाचा साबण चावायला लागला. केसांचं तेल, भांड्यांची पावडर, कपडे धुवायचं पाणी, ज्यात म्हणून वास होता ते सगळं. हातांची बोटं पेरापेराशी चिरली, पाठ पुन्हा पेटली. शेजारणीला दाखवलं तर ती म्हणाली, "वयाचं असतं हो, मनावर घेऊ नका." ज्याचं जळतं त्यालाच कळतं, आणि कोरीला आता छप्पन्नाव्या वर्षी कळत होतं. चार महिन्यांनी औषधाच्या दुकानाच्या काचेवर एक मोठं चित्र लागलं. गुळगुळीत, उजळ, बिनचेहऱ्याची पाठ, शेजारी बरणी. कोरी मानेला आणि हातांना ओल्या फडक्यांच्या पट्ट्या गुंडाळून त्यासमोर उभी राहिली. आत एक तरुण बाई कडेवरच्या तान्ह्याच्या गालांसाठी तीच बरणी मागत होती. कोरी आत जाऊन बोलू शकली असती. पण काय म्हणणार, ही पाठ माझी? कोणाचा विश्वास बसला असता?

ती तशीच लेकीकडे गेली.

लेक कामावर निघायच्या तयारीत होती. आईचे हात पाहून तिने दार पूर्ण उघडलं, एवढंच. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत वाळत घातलेले पांढरे सुती मोजे. कोरी खुर्चीत टेकून न बसता काठावर बसली.

"त्या दिवशी तू पाहिलं होतंस ना?"

"हो."

"लाल होतं?"

"लाल होतं. फोड होते."

"मग काही नाही का म्हणालीस?"

लेकीने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही. अक्षरं ओळखता येतात का, हे बघायला ती गिऱ्हाइकाकडे बघायची तसं. "तुला आठवत नाही?" तिने विचारलं.

कोरीला आठवत होतं. तिला लाज वाटली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि ती कशी वाटून घ्यायची हेही तिला कळेना. ती म्हणाली, "फार खाजतं गं."

लेकीने कपाटातून डबी काढली. "ह्यात कोंड्याचंच मेण आहे. मेणच आहे, पण वासाशिवाय. मला चालतं." आईचे हात तिने एकेक करून मांडीवर घेतले आणि मलम चोपडलं, दाराच्या बिजागरीला तेल घालावं तसं, नीट आणि माया न लावता. कोरीने हळूच विचारलं, "पाठीला?"

"पाठीला हात लावायचा नाही," लेक म्हणाली.

मग तिने खिडकीतले मोजे काढले. ते तिचेच होते, ती अजून रात्री घालून झोपायची. कोरीने काही न सांगता दोन्ही हात पुढे केले. लेकीने मोजे चढवले, मनगटाशी नाडी गुंडाळली, गाठ मारली. "चारला येते," म्हणाली, आणि दार ओढून गेली.

कोरी त्या खुर्चीच्या काठावर बसून राहिली. पाठ पेटली होती. मागे खुर्चीची लाकडी पाठ होती, दोन वेळा अंग मागे रेलवायचं मन झालं, पण ती रेलली नाही. घासलं असतं तर खूण राहिली असती आणि लेक म्हणाली असती, नाटकं. निदान आता तरी तिने आपल्यावर विश्वास ठेवावा, एवढंच कोरीला हवं होतं. दात आवळून तिने दुपार काढली. पाच-सहा वर्षांच्या पोरीने अशा किती दुपारी काढल्या असतील, हे मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

चारला कुलूप वाजलं. लेक आली, पिशवी ठेवली, समोर पलंगावर बसली. आईच्या मोज्यांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"खाजतंय?" तिने विचारलं.

कोरीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"नाही," ती म्हणाली.

लेकीने गाठ सोडली.